एक घर की दोन घरं? बुद्धिबळातली जी4 चाल आणि तुमचा पहिला धंदा



मागे अंबरनाथच्या बॅचमध्ये सेशन संपल्यावर एक मुलगा थांबला. वय चोवीस-पंचवीस. राहायला बदलापूरला, नोकरी आनंदनगर एमआयडीसीत. म्हणाला, "सर, तुम्ही बुद्धिबळाची उदाहरणं देता म्हणून विचारतो. मी मोबाईलवर खेळताना पहिलीच चाल जी4 करतो. समोरच्याला काही सुचतच नाही. दहातले सहा-सात डाव मीच मारतो. धंद्यातही असंच करायचं ठरवलंय."

"म्हणजे नेमकं काय करणार?"

त्याचा प्लॅन असा. बदलापूरहून पहाटेच्या लोकलने जाणारी माणसं खूप आहेत. त्या वेळी गरम नाश्ता कुठेच मिळत नाही, सगळी दुकानं सात-साडेसातला उघडतात. हा स्टेशनजवळ गाळा घेऊन पहाटे चारलाच सुरू करणार. डिपॉझिट दोन लाख. एक लाख स्वतःची बचत आणि एक लाख आईच्या बांगड्या गहाण ठेवून. एक तारखेला राजीनामा.

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "रविवारी ये. पट घेऊन ये."

त्या रविवारी आम्ही दोघांनी पटावर जे पाहिलं, तेच या आठवड्याच्या व्हिडिओत मांडलंय. व्हिडिओत घाईघाईने सांगितलेल्या गोष्टी इथे सावकाश लिहितोय. बुद्धिबळ येत नसेल तरी वाचा, अडणार नाही.

ही जी4 चाल म्हणजे काय?

बुद्धिबळात पहिल्या चालीला पांढऱ्यासमोर 20 पर्याय असतात. 16 प्याद्यांचे आणि 4 घोड्यांचे. बहुतेक लोक मधलं प्यादं दोन घरं पुढे टाकतात, राजासमोरचं नाहीतर वजिरासमोरचं. का? कारण पटाचा मध्य म्हणजे बाजारपेठेचा मुख्य चौक. तिथे जागा मिळाली की सगळ्या दिशांना जाता येतं.

जी4 मध्ये माणूस चौकाकडे बघतच नाही. राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं, म्हणजे कडेकडचं प्यादं तो थेट दोन घरं पुढे ढकलतो. या सुरुवातीला ग्रोब अटॅक म्हणतात. हेन्री ग्रोब (1904–1974) हा स्विस खेळाडू. त्याने या चालीवर 1942 मध्ये पुस्तक लिहिलं आणि वर्तमानपत्राच्या वाचकांशी पत्राने हजारांनी डाव खेळला. त्यामुळे चालीला त्याचंच नाव चिकटलं.

यात डाव काय आहे? प्यादं पुढे गेलं की त्याच्या मागच्या घरात, म्हणजे जी2 वर उंट बसतो. तो उंट तिरप्या रेघेत थेट समोरच्याच्या वजिराकडच्या कोपऱ्यातल्या हत्तीवर नजर ठेवतो. समजा काळ्याने डी5 करून आपल्या उंटाची वाट मोकळी केली आणि पुढच्या चालीला आपलं जी4 वरचं प्यादं फुकटात खाल्लं. आपण सी4 करून त्याच्या डी5 च्या प्याद्यावर मारा करतो. त्याने हावरटपणाने तेही प्यादं घेतलं, तर रेघ मोकळी होते, आपला उंट बी7 चं प्यादं खातो आणि कोपऱ्यातला हत्ती सापडतो. मोबाईलवर त्या मुलाचे सहा-सात डाव इथेच जिंकले जात होते.

पण काळा खेळाडू जागा असेल तर?

मग काही होत नाही. काळा शांतपणे सी6 करतो. एक साधं प्यादं, एक घर पुढे. डी5 ला आधार मिळतो आणि उंटाची रेघ बंद होते. सापळा संपला. काळ्याच्या हातात एक प्यादं जास्त आणि आपल्या राजासमोर भगदाड.

हे भगदाड नीट समजून घ्या. प्यादं पटावरचं एकच मोहरं असं आहे, जे मागे येत नाही. घोडा चुकला तर परत आणता येतो, वजीर चुकला तर पळवता येतो. पुढे गेलेलं प्यादं पुढेच राहतं आणि त्याने सोडलेली घरं कायमची उघडी पडतात. बुद्धिबळातली सगळ्यात झटपट मात दोन चालींची आहे. पांढऱ्याने जी4 केलं, काळ्याने ई5, पांढऱ्याने न बघता एफ3 केलं की काळा वजीर एच4 वर येतो. मात. डाव बंद.

आजच्या संगणकाला विचारलं तर त्या 20 चालींच्या यादीत तो जी4 ला अगदी तळाला ठेवतो. म्हणून म्हणतो, ही चाल मोबाईलवर जिंकते ती चाल भारी आहे म्हणून नाही. समोरच्याने ती आधी पाहिलेली नसते म्हणून जिंकते. धंद्यातही पहिला महिना असाच असतो. नावीन्याची गर्दी येते, उद्घाटनाला ओळखीचे लोक येतात, स्टेटसवर फोटो पडतात. दुसऱ्या महिन्यात शेजारचा वडापाववाला जागा होतो आणि तोही पहाटे चारला शटर उघडतो. मग तुमच्याकडे काय उरतं? वेगळेपण गेलं. भाडं मात्र चालू.

एक माणूस ही चाल आयुष्यभर खेळला

असं नाही की ही चाल खेळून कोणी मोठं झालं नाही. इंग्लंडचा मायकल बॅसमन (1946–2022) हा इंटरनॅशनल मास्टर जी4 खेळायचा. काळ्या मोहऱ्यांनीही जी5 खेळायचा. 1973 च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत तो विल्यम हार्टस्टनबरोबर पहिल्या क्रमांकावर होता, फक्त प्ले-ऑफ हरला. म्हणजे माणूस कच्चा नव्हता. त्याने या विचित्र सुरुवातींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. समोरच्याला ज्या जागी पहिल्यांदा विचार करावा लागायचा, तिथे बॅसमन शंभर वेळा येऊन गेलेला असायचा.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. बॅसमन उद्योजकही होता. त्याने बुद्धिबळाच्या धड्यांच्या कॅसेट काढून विकल्या. 1996 मध्ये त्याने इंग्लंडमधल्या शाळांसाठी यूके चेस चॅलेंज ही स्पर्धा सुरू केली. हजारो शाळकरी मुलं त्यात खेळू लागली. कल्पना वेगळी होती, चाल कडेची होती आणि ती चाललीसुद्धा. पण प्रवेश फीवरच्या व्हॅटचा प्रश्न वर्षानुवर्षं साचत गेला आणि शेवटी तो माणूस व्हॅटच्या देण्यापायी दिवाळखोर ठरला. स्पर्धा दुसऱ्याने चालवायला घेतली. ती टिकली.

हल्ला चुकला नव्हता. घराची बाजू उघडी राहिली होती.

आपल्याकडे व्हॅटच्या जागी जीएसटी आहे. सेवा देत असाल तर वर्षाला 20 लाख, फक्त माल विकत असाल तर 40 लाख उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पण लक्षात घ्या, हा आकडा नफ्याचा नाही, उलाढालीचा आहे. "मला कुठे एवढे उरतात?" असं म्हणणारे इथेच फसतात. खिशात दोन लाख उरले असतील, पण बिलं 22 लाखांची फाडली असतील तर तुम्ही रेषेपलीकडे आहात. दर महिन्याला उलाढालीची बेरीज वहीत लिहायची सवय आजपासून लावा.

तेच प्यादं, पण एक घर

आता गंमत बघा. जी4 मध्ये उंट जी2 वर बसतो, त्यासाठी प्यादं दोन घरं पुढे टाकलं. पण उंटाला जागा करून द्यायला एक घरसुद्धा पुरतं! प्यादं जी3 वर ठेवलं तरी उंट त्याच जी2 वर बसतो, त्याच रेघेवर नजर ठेवतो. फरक एवढाच की एक घर गेलेलं प्यादं राजाच्या घराचं छप्पर बनून राहतं. दोन घरं गेलेलं प्यादं स्वतःच शिकार होतं.

ही एक घराची युक्ती आपल्या मातीतही खेळली जायची. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. त्यामुळे आपले खेळाडू कडेची प्यादी हळूच सरकवून, उंट कोपऱ्यात बसवून डाव बांधायचे. 1850 च्या दशकात कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाविरुद्ध असेच खेळले. त्या डावांवरून अशा बचावाला 'इंडियन डिफेन्स' नाव पडलं. युरोपातल्या लोकांना तेव्हा ते विचित्र वाटलं. आज जगातले मोठमोठे खेळाडू किंग्ज इंडियन खेळतात.

म्हणजे कडेची चाल वाईट नाही. घाईची दोन घरं वाईट.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी आठवा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथे आली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि नाव पडलं उल्हासनगर. या लोकांकडे जमीन नव्हती, मुंबईच्या बाजारात पेढी नव्हती. मुख्य चौक आधीच भरलेला होता. मग त्यांनी कडेने सुरुवात केली. घरात पापड लाटले, लोणची घातली, मिठाई केली, किरकोळ वस्तू फिरून विकल्या. नफा कमी, खप जास्त, पैसा लगेच पुन्हा मालात. आज कॅम्प 2 चं गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचरची ओळ, कॅम्प 5 मधला जीन्सचा धंदा बघा. लोक "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" म्हणून हसले. हसू द्या. त्या पहिल्या पिढीकडे गहाण ठेवायलाही फारसं काही नव्हतं, म्हणून ती एकेक घर पुढे गेली. आपल्याकडे ठेवायला बांगड्या आहेत, म्हणून आपण दोन घरं उडी मारतो.

राजा कुठे उभा आहे?

आणखी एक डाव सांगतो. 1980, स्वीडनमधलं स्कारा गाव, युरोपियन सांघिक स्पर्धा. समोर जगज्जेता अनातोली कार्पोव. इंग्लंडच्या टोनी माइल्सने काळ्या मोहऱ्यांनी पहिलीच चाल केली ए6. अगदी टोकाचं प्यादं! पुढच्या चालीला बी5. बघणाऱ्यांना वाटलं चेष्टा चाललीय. माइल्स तो डाव जिंकला.

मग ए6 चाललं आणि जी4 का पडतं? नीट बघा. माइल्सने प्यादी ढकलली वजिराच्या बाजूला. आणि नंतर त्याने किल्लेकोट केला राजाच्या बाजूला, जिथली प्यादी जवळपास जागची हललेली नव्हती. धोका एका बाजूला, राजा दुसऱ्या बाजूला. शिवाय बी7 वरच्या उंटाची नजर मधल्या चौकावरच होती.

जी4 मध्ये आपण त्याच बाजूची भिंत पाडतो, जिथे राजा राहायला जाणार असतो.

त्या मुलाला मी इथे थांबवलं आणि विचारलं, "तुझ्या प्लॅनमध्ये राजा कोण?"

तो म्हणाला, "मी."

"नाही रे. तू वजीर आहेस. पळशील, पुन्हा नोकरी मिळेल. तुझा राजा म्हणजे घराचं भाडं, वडिलांचं औषध आणि आईच्या बांगड्या. हे गेलं की डाव संपला. आणि तू पहिल्याच चालीला त्याच्यासमोरचं प्यादं काढतोयस."

तो बराच वेळ पटाकडे बघत बसला.

धाडस करायचंच नाही का?

करायचं. पण घरी तयारी करून. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचं उदाहरण घ्या. एप्रिल 2024, टोरांटो, कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी. समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, जो सलग 47 क्लासिकल डाव हरला नव्हता. विदितने काळ्या मोहऱ्यांनी अकराव्या चालीला एका प्याद्यासाठी उंट देऊन टाकला. बघणाऱ्याला वाटावं, जुगार आहे. पण ती चाल घरच्या तयारीतली होती. नाकामुरा हरला.

बाहेरून जुगार आणि तयारी सारखीच दिसतात. फरक घरच्या टेबलावर झालेला असतो.

मग आम्ही वही काढली

मुलाची मूळ कल्पना मला आवडली होती. पहाटेचा गिऱ्हाईक आहे, त्याला गरम खायला मिळत नाही, ही कडेची मोकळी रेघ खरी आहे. प्रश्न होता एक घर की दोन घरं. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

एक नाश्त्याची पुडी 30 रुपये. सामान, गॅस, पॅकिंग मिळून 18 रुपये. एका पुडीमागे उरतात 12 रुपये.

दोन घरांची चाल: गाळ्याचं भाडं 15,000, मदतनीस 12,000, लाईट-पाणी वगैरे 3,000. महिन्याचा ठरलेला खर्च 30,000. भागिले 12, म्हणजे 2,500 पुड्या. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज 97 पुड्या विकल्यावर फक्त खर्च निघतो. यात बांगड्यांवरचं व्याज नाही आणि त्याचा स्वतःचा पगारही नाही.

एका घराची चाल: घरचं स्वयंपाकघर, आदल्या रात्री मोबाईलवर ऑर्डर, पहाटे ठरलेल्या जागी पोच. ठरलेला खर्च साधारण 3,000. भागिले 12, म्हणजे 250 पुड्या. रोजच्या 10 पुड्या गेल्या की खर्च निघाला. आणि नोकरी चालूच.

97 आणि 10. हे दोन आकडे त्याने वहीत गोल करून ठेवले.

दोन गोष्टी मी त्याला आणखी सांगितल्या. घरून खाद्यपदार्थ विकायचे तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार रेल्वे स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे. म्हणून स्टेशनच्या दारात टेबल मांडायचं स्वप्न सोड. कात्रप, बेलवली, कुळगावच्या सोसायट्यांच्या गेटवर पोच दे, लोक तिथूनच रिक्षा पकडतात.

तुमच्यासाठी होमवर्क

वही घ्या आणि या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. मनात नाही, कागदावर.

1. माझी कडेची चाल कोणती? सगळे जे करतात त्यापेक्षा मी काय वेगळं करतोय, एका वाक्यात.

2. समोरचा जागा झाला, त्याने हेच सुरू केलं, तर माझ्याकडे काय उरेल? चव, नाती, वेळ पाळणं, हिशेब, काहीतरी उरलं पाहिजे. "काही नाही" हे उत्तर असेल तर तुमच्याकडे धंदा नाही, सापळा आहे.

3. माझा राजा कोण? कोणता पैसा, कोणती वस्तू, कोणतं नातं गेलं तर डाव संपेल?

4. माझा धोका राजाच्याच बाजूला आहे का? असेल तर तो दुसऱ्या बाजूला कसा नेता येईल?

5. हेच काम एका घराने सुरू करता येईल का? गाळ्याऐवजी घर, मशीनऐवजी जॉबवर्क, एक हजार नगांऐवजी पन्नास, राजीनाम्याऐवजी रविवार.

आणि एक सहावा प्रश्न, जो वहीत लिहायचा नाही. ज्यांचं सोनं किंवा पैसा तुम्ही लावणार आहात, त्यांच्यासमोर बसून सगळे आकडे वाचून दाखवा. त्या मुलाने त्या दिवसापर्यंत आईला 97 चा आकडा सांगितलाच नव्हता. त्यालाही माहीत नव्हता, म्हणा.

परवा त्याचा फोन आला. रोजच्या पुड्या चौदा-पंधरावर अडकल्यात. एक सोसायटी सुटली, दोन नवीन लागल्या. सोमवारी जास्त, शनिवारी कमी. गाळ्यात गेला असता तर या आकड्याला महिन्यात बुडाला असता, हे त्यानेच मला हिशेब करून सांगितलं. धंदा चालेल की नाही, अजून माहीत नाही. पहाटे तीनला उठणं त्याला जमतंय की नाही, तेही अजून ठरायचंय. पण डाव चालू आहे, नोकरी चालू आहे आणि सकाळी पोहे परतणाऱ्या हातात बांगड्या आहेत.

म्हणाला, "सर, मोबाईलवर अजून जी4 खेळतो हं."

म्हटलं, "खेळ की. तिथे हरलास तर नवीन डाव एका बटणावर मिळतो."

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरा.